पाचातला एक, पण कोणता?

'जगातील दर पाच सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी एक नामशेष होण्याच्या मार्गावर आहे' हे वाक्य आता बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचे झाले आहे. वन्यजीव सप्ताहातील भित्तिपत्रकांवर ते दिसते, वक्तृत्व स्पर्धेतील भाषणांत ऐकू येते आणि प्रश्नमंजूषेत तर ते हमखास विचारले जाते. ज्या लेखातून हे वाक्य निघाले तो मूळ लेख मात्र फारच थोड्यांनी वाचलेला असतो. एप्रिल २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. नील कॉक्स, ब्रूस यंग आणि त्यांचे अनेक सहकारी हे त्याचे लेखक. शीर्षकाचा मराठीत अर्थ सांगायचा तर 'जगातील सरपटणाऱ्या प्राण्यांचे मूल्यमापन: चतुष्पाद प्राण्यांच्या संवर्धनाच्या समान गरजा'. या शीर्षकातील 'समान' या शब्दाशी आमचे थोडे भांडण आहे. ते काय आहे हे सांगण्यापूर्वी या कामाचे मोल सांगणे न्यायाचे होईल.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची लाल यादी आपल्याला माहीत आहे. कोणती जात किती धोक्यात आहे हे ठरावीक कसोट्या लावून ती यादी सांगते. जगातील सर्व पक्ष्यांचे असे मूल्यमापन १९८८ मध्येच पूर्ण झाले होते. सस्तन प्राण्यांचे १९९६ मध्ये झाले, बेडूक-सॅलॅमँडर वगैरे उभयचरांचे २००४ मध्ये झाले. सरपटणारे प्राणी मात्र मागेच राहिले. पक्षी पाहायला माणसे पहाटे उठून दुर्बीण घेऊन जातात. पालीला पाहिल्यावर झाडू शोधतात. फरक बहुधा इथूनच सुरू होत असावा! पंधरा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या आणि नऊशेहून अधिक तज्ज्ञांचा हात लागलेल्या या कामामुळे ही उणीव भरून निघाली. एकूण १०,१९६ जाती तपासल्या गेल्या. त्यांपैकी किमान १,८२९ जाती, म्हणजे २१.१ टक्के, धोक्यात असल्याचे दिसले. तुलनेसाठी लेखातच इतर आकडे दिले आहेत: उभयचर ४०.७ टक्के, सस्तन २५.४ टक्के, पक्षी १३.६ टक्के.

आता भित्तिपत्रकावरचे वाक्य पुन्हा वाचू. ते 'प्राण्यांपैकी एक' असे म्हणते. लेख 'जातींपैकी एक' असे म्हणतो. हा किरकोळ शब्दच्छल नाही. घरातल्या पालीच्या एका जातीत कोट्यवधी पाली असतील आणि एखाद्या डोंगरावरच्या पालीच्या जातीत काही हजारच असतील. यादीत दोघींची किंमत एकच. दुसरे म्हणजे 'नामशेष होण्याच्या मार्गावर' हे शब्द लेखातील अर्थापेक्षा जास्त भडक आहेत. लाल यादीत 'असुरक्षित', 'संकटग्रस्त' आणि 'अतिसंकटग्रस्त' अशा तीन पायऱ्या आहेत आणि २१.१ टक्क्यांत तिन्ही येतात. पहिल्या पायरीवरची जात आणि शेवटच्या पायरीवरची जात यांना एकाच दमात 'मार्गावर' म्हणणे म्हणजे ताप आलेल्या आणि अतिदक्षता विभागात असलेल्या रुग्णाला सारखेच समजण्यासारखे आहे.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि ती गणिताच्या तासालाही उपयोगी पडेल. विद्यार्थ्यांना १,८२९ भागिले १०,१९६ हा भागाकार करायला सांगा. उत्तर २१.१ टक्के येत नाही, १७.९ टक्के येते. मग लेखकांनी चूक केली का? नाही. उलटे गणित करून पाहू. १,८२९ हे २१.१ टक्के यायचे असतील तर भाजक सुमारे ८,६७० असायला हवा. म्हणजे दीड हजाराच्या आसपास जाती भाजकातून वगळल्या आहेत. यांत थोड्या आधीच नामशेष झालेल्या आहेत. बाकीच्या जवळपास सगळ्या 'माहिती अपुरी' या वर्गातल्या. या जातींबद्दल आपल्याला इतके कमी माहीत आहे की त्या सुरक्षित की धोक्यात हे सांगताच येत नाही. त्यांना बाजूला ठेवून टक्केवारी काढली की आपोआप असे गृहीत धरले जाते की माहीत असलेल्या जातींत धोक्याचे जे प्रमाण आहे तेच माहीत नसलेल्या जातींतही असणार.

हे गृहीत सोडून दिले तर काय होते? अज्ञात जाती सगळ्या सुरक्षित मानल्या तर प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास राहते. सगळ्या धोक्यात मानल्या तर ते सुमारे ३२ टक्क्यांवर जाते. म्हणजे उत्तर 'पाचातला एक' नसून 'साडेपाचातला एक ते तिनातला एक, आणि आमचा अंदाज पाचातला एक' असे आहे. भित्तिपत्रकावर एवढे मावणार नाही हे आम्हांलाही कळते. पण फळ्यावर मावते. विज्ञानातला आकडा हा नेहमी एखाद्या गृहीतकाच्या खांद्यावर बसून येतो, हे शिकवण्यासाठी इतके सोपे आणि इतके खरे उदाहरण सहजासहजी मिळत नाही.

'माहिती अपुरी' वर्गात कोण असते तेही पाहण्याजोगे आहे. आपल्या सह्याद्रीत खापरखवल्या नावाचे साप आहेत. शेपटीचे टोक खापरासारखे बोथट आणि खडबडीत, आयुष्य बहुतेक जमिनीखाली. पावसाळ्यात कधी वर आले तर दिसतात. अशा सापांच्या कित्येक जाती मोजक्याच नमुन्यांवरून माहीत आहेत. त्यांची संख्या घटते आहे की वाढते आहे हे कोण आणि कसे सांगणार? लाल यादीच्या कसोट्यांपैकी एक संख्येची घट मोजते. पण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत असे मोजमाप बहुधा नसतेच. म्हणून बहुतेक वेळा दुसरी कसोटी लावली जाते, ती प्रदेशाच्या विस्ताराची. जातीचा विस्तार २०,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल, ती मोजक्या ठिकाणी असेल आणि तो अधिवास खालावत असेल तर ती 'असुरक्षित'. ५,००० पेक्षा कमी असेल तर 'संकटग्रस्त'. १०० पेक्षा कमी असेल तर 'अतिसंकटग्रस्त'. यात प्राणी मोजलेलेच नसतात, त्यांची जमीन मोजलेली असते. हा दोष नाही, नाइलाज आहे. परंतु तो वाचकाला माहीत असला पाहिजे.

जमिनीखालच्या सापांचा विषय निघालाच आहे तर वाळ्याबद्दल सांगायचा मोह आवरत नाही. कुंडीतल्या मातीत गांडुळासारखा दिसणारा हा चिमुकला साप. त्याच्यात नर नसतातच. सगळ्या माद्या आणि नराशिवाय प्रजनन. साहजिकच एक मादी कुंडीतून दुसऱ्या खंडात गेली तरी तिचे कुटुंब सुरू होते, आणि तसे ते जगभर झालेही आहे. एका बाजूला हा जगप्रवासी वाळा आणि दुसऱ्या बाजूला एकाच डोंगरावर अडकलेला खापरखवल्या. दोघेही जमिनीखालचे साप, पण एकाच सरासरीत त्यांना बसवायचे म्हणजे कठीणच.

भाजकाबद्दल अजून एक गोष्ट. तो स्थिर नाही. २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की ज्याला आपण नागराज म्हणतो ती एक जात नसून चार जाती आहेत. कर्नाटक, केरळ, गोवा या बाजूच्या सह्याद्रीतला नागराज आता स्वतंत्र जात मानला जातो आणि कन्नडमधील 'काळिंग' या नावावरून त्याचे शास्त्रीय नाव ठेवले आहे. जुना नागराज 'असुरक्षित' होता, तो जवळजवळ सगळ्या दक्षिण आणि आग्नेय आशियाचा मिळून. आता चार तुकड्यांचे चार वेगळे निकाल लावावे लागतील. आज जगात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ज्ञात जाती १२,००० च्या पुढे गेल्या आहेत. २०२२ च्या लेखातील १०,१९६ आणि हा आकडा यांतले अंतरच सांगते की मूल्यमापन धावते आहे आणि शोध त्याच्या पुढे धावतो आहे. नव्याने सापडणाऱ्या जाती बहुधा लहान प्रदेशातल्या असतात, कारण सर्वत्र आढळणाऱ्या जाती आधीच सापडून गेलेल्या असतात. म्हणून बाहेर राहिलेल्यांत धोक्याचे प्रमाण अधिक असावे असे आम्हांला वाटते. लेखातला 'किमान' हा शब्द या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच भित्तिपत्रकावर येताना गळून पडतो.

कोणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? २०१३ मध्ये मोनिका बोम आणि सहकाऱ्यांनी केवळ १,५०० जातींचा यादृच्छिक नमुना घेऊन १९ टक्के हे उत्तर काढले होतेच. शितावरून भाताची परीक्षा झाली होती; मग सगळा भात उपसायचे कारण काय? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की नमुन्यावरून प्रमाण कळते, पत्ता कळत नाही. कोणती जात, कुठे आणि कशामुळे धोक्यात, हे प्रत्येक जातीचा नकाशा काढल्याशिवाय समजत नाही. लेखाची खरी कमाई तो टक्क्याचा आकडा नसून हे दहा हजार नकाशे आहेत. दुर्दैवाने बातमी झाली ती आकड्याची.

लेखात आणखी एक आकडा आहे, जो वाचून शिक्षक नक्की थबकतील. धोक्यातील या १,८२९ जाती गेल्या तर १५.६ अब्ज वर्षांचा उत्क्रांतीचा इतिहास पुसला जाईल असे लेखक म्हणतात. पृथ्वीचे वय साडेचार अब्ज वर्षे आणि विश्वाचे पावणेचौदा अब्ज! हे कसे? वंशवृक्षाच्या फांद्यांची लांबी वर्षांत मोजतात आणि सगळ्या फांद्यांची बेरीज करतात, म्हणून. दोन भाऊ वीस वर्षांपूर्वी वेगळे झाले तर दोघांच्या वेगळ्या संसारांची बेरीज चाळीस वर्षे होते, तसेच. सरासरी काढली तर दर जातीमागे सुमारे ८५ लाख वर्षे येतात. न्यूझीलंडमधील तुआटारा हा सरड्यासारखा दिसणारा पण सरडा नसलेला प्राणी याच्या अगदी टोकाला आहे. साप-सरड्यांच्या वंशापासून त्याची फांदी सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली आणि आज त्या फांदीवर तो एकटाच उरला आहे. हे सगळे एका वाक्यात समजावले असते तर वाचकांची सोय झाली असती. लेखकांनी ते केलेले नाही. तज्ज्ञांसाठीच्या लेखाकडून ही अपेक्षा कदाचित जास्त असेल, पण जो आकडा वर्तमानपत्रात जाणार हे ठाऊक असते तो तरी उलगडून द्यायला हवा होता.

आता 'पाचातला एक कोणता' या प्रश्नाकडे वळू. मगर-सुसरींच्या ५७.९ टक्के जाती धोक्यात आहेत. कासवांच्या निम्म्या जाती धोक्यात आहेत. मगरींच्या जगात मोजून पंचवीस-सत्तावीस जाती, कासवांच्या साडेतीनशेच्या आसपास. उरलेले सरडे, पाली, साप हजारोंनी. त्यामुळे सरासरी त्यांच्याकडे झुकते आणि कासवांचा आक्रोश तिच्यात बुडून जातो. हे लेखकांना ठाऊक आहे. मगरी आणि कासवांसाठी तातडीने, नेमके त्यांच्यासाठीच उपाय करावे लागतील असे त्यांनी स्पष्टच लिहिले आहे.

आपल्या देशातील सुसरीची, म्हणजे घडियालाची, कथा याची साक्ष देते. १९७५ मध्ये भारतात मगर प्रकल्प सुरू झाला. नदीकाठच्या वाळूतून अंडी गोळा करायची, पिले वाढवायची आणि मोठी झाल्यावर चंबळसारख्या नद्यांत सोडायची. हजारो पिले सोडली गेली. यश मिळाले असे सगळ्यांना वाटत असतानाच २००७ मध्ये सुसर 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदली गेली आणि त्याच हिवाळ्यात चंबळमध्ये शंभराहून अधिक सुसरी मेल्या. पिले सोडणे सोपे होते. वाळूचे किनारे, वाहते पाणी आणि जाळ्यांपासून मोकळी नदी देणे अवघड होते. खारफुटीतली मगर मात्र जागतिक यादीत आज निर्धास्त आहे आणि गोड्या पाण्यातली आपली मगर 'असुरक्षित'. तिघी एकाच गटातल्या आणि तिघींच्या गरजा तीन प्रकारच्या. आमचे 'समान' या शब्दाशी असलेले भांडण इथे सुरू होते.

आपल्या शाळांतून या प्राण्यांविषयी जे सांगितले जाते त्याकडेही याच नजरेने पाहायला हवे. सरपटणारे प्राणी म्हटले की आपल्याकडे व्याख्यान सापांचे असते. सर्पमित्र येतात, नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही नावे पाठ होतात, नागपंचमीच्या अंधश्रद्धांवर चर्चा होते. हे चांगलेच आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मरतात. ज्या देशात असे घडते तिथे विषारी साप ओळखता येणे आणि दंशानंतर थेट दवाखाना गाठणे हे शिकवलेच पाहिजे. पण ते आरोग्यशिक्षण झाले. हे चारही साप जागतिक यादीत 'चिंता नाही' या वर्गात आहेत. 'साप वाचवा' या घोषणेने आपण मुलांना जे वाचवायला सांगतो ते बहुतांशी सुरक्षित आहे; आणि जे खरोखर धोक्यात आहे, उदाहरणार्थ नदीतली कासवे, त्यांच्यावर एखादा परिच्छेदही आपल्याकडे नसतो. मांडूळ गुप्तधन दाखवते म्हणून वजनावर विकले जाते, घोरपडीच्या नराची वाळवलेली जननेंद्रिये 'हत्ता जोडी' या नावाने वनस्पतीचे मूळ म्हणून खपवली जातात, पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेली स्टार कासवे पिशव्यांतून परदेशी जातात. या शेवटच्या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१९ मध्ये करार करून जवळजवळ पूर्ण बंद करावा लागला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या तासाला दूध पिणाऱ्या नागाच्या जोडीला या गोष्टी आल्या तर बरे.

लेखातील सर्वांत रंजक भाग पुढचा आहे. सरपटणारे प्राणी कोरड्या प्रदेशात विशेष विपुल असतात. म्हणून त्यांच्या गरजा पक्षी-सस्तन प्राण्यांपेक्षा वेगळ्या असतील असा लेखकांचा आधी अंदाज होता. निष्कर्ष उलट निघाला. जंगलातल्या सुमारे ३० टक्के जाती धोक्यात, तर कोरड्या प्रदेशातल्या १४ टक्के. आपला अंदाज चुकला हे लेखकांनी सरळ लिहिले आहे. विज्ञानलेखनात ही गोष्ट वाटते तितकी नेहमीची नाही. कारणेही तीच निघाली: शेती, वृक्षतोड, शहरांची वाढ, बाहेरून आलेल्या जाती. यावरून लेखकांनी पुढचे पाऊल टाकले. जगाचा नकाशा चौकटींत विभागून त्यांनी पाहिले, तर पक्षी, सस्तन आणि उभयचरांसाठी महत्त्वाचे प्रदेश सरपटणाऱ्यांसाठीही बऱ्याच प्रमाणात महत्त्वाचे निघाले. तेव्हा इतरांना वाचवले की यांच्यापैकी पुष्कळजण आपोआप वाचतील, असा दिलासा.

हा दिलासा आपल्या प्रदेशावर घासून पाहण्याजोगा आहे. साताऱ्याजवळ चाळकेवाडीचे पठार आहे. जांभ्या दगडाचा सडा, खुरटे गवत, पावसाळ्यात फुले आणि उन्हाळ्यात रणरण. या पठारावर एक सरडा राहतो. विणीच्या हंगामात नर एखाद्या दगडावर चढतो आणि गळ्याची निळी, काळी, केशरी पिशवी पंख्यासारखी उघडतो-मिटतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला नवी जात आणि त्याच्या गटाला नवी प्रजाती म्हणून मान्यता दिली आणि प्रजातीचे नाव ठेवले 'सरडा', आपल्याच मराठी शब्दावरून. जगभरचे प्राणिशास्त्रज्ञ आता हा शब्द लॅटिन नावांच्या रांगेत लिहितात! याच जिल्ह्यातील पठारांवरून गेल्या वीस वर्षांत पालींच्याही नव्या जाती नोंदल्या गेल्या. कास पठारावरच्या एका पालीला २०१४ मध्ये वरद गिरी या सरीसृपतज्ज्ञांचे नाव मिळाले.

चाळकेवाडीवर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या आहेत. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना करून २०१८ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे एक चतुर्थांशच उरले होते. सरडे खाणारेच कमी झाल्यावर सरडे वाढले. एवढ्यावर थांबलो तर सरड्यांचे बरे झाले असे वाटेल. पण संशोधकांनी सरडे पकडून तपासले. त्यांच्या रक्तात भीतीच्या वेळी वाढणारे संप्रेरक कमी होते, माणूस अगदी जवळ आला तरी ते पळत नव्हते, ते रोडावले होते आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके पडले होते. गर्दी झाली, खाणे वाटले गेले, आणि घार-ससाण्याचा धाक संपल्यामुळे सावधपणाही कमी झाला.

आता या पठाराला 'इतरांना वाचवा म्हणजे हेही वाचतील' हे सूत्र लावून पाहा. शिकारी पक्षी कमी झाले म्हणून सरडे वाढले. उद्या पक्षी परतले तर सरडे कमी होतील आणि ते कमी होणे हेच निरोगीपणाचे लक्षण असेल. प्राण्यांमधले नाते हे एकाच चौकटीत दोघेही आहेत एवढ्यावरून कळत नाही. अर्थात लेखकांच्या बाजूने हे सांगितले पाहिजे की त्यांनी नात्याविषयी दावा केलेलाच नाही, केवळ प्रदेशांविषयी केला आहे. पण प्रदेशांच्या बाबतीतही मोठी चौकट आपल्याला फसवते. साताऱ्याचा सडा, कोयनेचे जंगल आणि खालची ऊसशेती एकाच चौकटीत येऊ शकतात. जंगल राखले की चौकटीला गुण मिळतात. सड्यावरचा सरडा मात्र जंगलात जाऊन राहू शकत नाही.

जंगल ३० टक्के आणि कोरडी जमीन १४ टक्के हा हिशेबही म्हणूनच जपून वापरायला हवा. 'कोरडा प्रदेश' या एका नावाखाली ऑस्ट्रेलियातली आणि आफ्रिकेतली अफाट वाळवंटे येतात. तिथे सरड्यांच्या जाती भरपूर आणि माणसांची वस्ती विरळ. महाराष्ट्रातली माळराने आणि सडे तसे नाहीत. इथे माणसे दाट आहेत, आणि शिवाय आपल्या कारभाराची भाषा या जमिनीच्या विरोधात आहे. झाड नसलेल्या जमिनीला सातबाऱ्यावर आपण पोटखराबा म्हणतो, बोलताना पडीक म्हणतो, सरकारी नकाशात ती ओसाड जमीन ठरते. एकदा हे नाव पडले की तिच्यावर रोपे लावणे हे पुण्यकर्म होते आणि सौरपट्ट्या बसवणे हा सदुपयोग. वृक्षारोपणाचा कार्यक्रम घेणाऱ्या शाळांना आम्ही दोष देत नाही. पण खड्डे माळावर खणायचे की गावातल्या उघड्या रस्त्याकडेला, हा निर्णय सरड्याच्या दृष्टीने जीवनमरणाचा असतो. जागतिक सरासरीत हा माळ '१४ टक्क्यांच्या' बाजूला, म्हणजे कमी काळजीच्या खात्यात, जमा होतो.

हवामानबदलाबद्दल लेख फारच थोडे बोलतो. त्याचा धोका अजून अनिश्चित आहे एवढेच म्हणतो. हा संयम आम्हांला आवडला. मात्र एका ठिकाणी थोडा विस्तार चालला असता. अनेक कासवांत आणि सर्व मगरींत पिलाचे लिंग अंड्याभोवतीच्या तापमानावर ठरते. समुद्री कासवांत वाळू तापली की माद्या जास्त होतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातील हिरव्या कासवांच्या पोरवयातील पिढीत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या असल्याचे २०१८ मध्ये आढळले. तुआटाराचे नेमके उलटे: तिथे ऊब वाढली की नर जास्त. वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम चालू आहे आणि पिले समुद्रात जाताना पाहायला शाळांच्या सहली जातात. समुद्राकडे निघालेल्या त्या पिलांत नर किती हा प्रश्न मुलांनी तिथे विचारावा. बाहेरून पाहून कोणालाच त्याचे उत्तर देता येत नाही हे कळणेही मोलाचे आहे.

लाल यादी इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. वर्गातल्या मुलांनी आपल्या जिल्ह्यातील सरडे, पाली, साप, कासवे यांची नावे जमवून प्रत्येकाची नोंद त्या यादीत शोधावी. नागाची सापडेल, धामणीची सापडेल. दहा वर्षांपेक्षा जुन्या नोंदींवर 'नव्याने मूल्यमापन हवे' असा शेरा दिसेल. काही नावांपुढे 'माहिती अपुरी' असेल आणि काही नावे यादीत मिळणारच नाहीत. न मिळालेल्या नावांची वेगळी वही करायला सांगावी, आणि ती जात कुठे, केव्हा, कोणत्या महिन्यात दिसली ते तिच्यात लिहून ठेवावे.